सीसी-ओडीचं कर्ज फुगत चाललंय? कापूस घरात येण्याआधी हे करून घ्या

चोपडा तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकानावर आठ लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट. मालाच्या आणि उधारीच्या तारणावर मिळणारा हा ओव्हरड्राफ्टच (ओडी): ठरलेल्या लिमिटपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलायचे आणि भरायचे. मधली दोन वर्षं अशी गेली की आम्ही जास्तीची उचल केली नाही, दर महिन्याला भरणाही केला, तरी खातं बहुतेक महिने लिमिटला टेकलेलंच. महिनाअखेरीला व्याज पडायचं, त्याच्या मागून आणखी चार-पाच रकमा पडायच्या. बँकेत विचारलं की उत्तर एकच: "चार्जेस लागलेत, मॅडम." कशाचे, ते कोणी फोड करून सांगत नव्हतं. शेवटी हिशेबाच्या वह्या ह्यांच्याकडून मी माझ्याकडे घेतल्या. खातं ताळ्यावर यायला पुढे अकरा महिने लागले. तुमचे अकरा महिने जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

दुकान, डाळ मिल, चटईचा कारखाना, स्पेअर पार्ट असं काहीही असो, सीसी असेल तर हे सगळं लागू पडेल. एफडीवर किंवा पगारावर ओडी घेतली असेल तर दुसरी आणि सहावी पायरी सोडून द्या.

आधी हे कागद एका फाइलमध्ये लावा

- गेल्या १२ महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट (शाखेच्या शिक्क्याचं किंवा नेट बँकिंगमधली पीडीएफ)
- मूळ मंजुरीपत्र आणि शेवटच्या रिन्युअलचं (नूतनीकरणाचं) पत्र
- दिलेल्या सगळ्या स्टॉक स्टेटमेंटच्या (माल आणि उधारी किती, याचा बँकेला द्यायचा हिशेब) प्रती, पोच असलेल्या
- बँकेच्या वेबसाइटवरचा किंवा शाखेतला चार्जेसचा तक्ता
- मालाच्या विम्याची पॉलिसी
- उधारीची वही, जीएसटी रिटर्न, उद्यम नोंदणी
- तारण मालमत्तेचा उतारा

मंजुरीपत्र बहुतेकांकडे नसतंच. सही करताना गठ्ठा समोर येतो, आपण सह्या करून घरी येतो. शाखेत लेखी अर्ज देऊन प्रत मागा. पुढचं सगळं त्या कागदावर ठरतं.

## १. स्टेटमेंट छापून घ्या आणि रंग द्या

मोबाइलवर बघून काही कळत नाही. मी झेरॉक्सच्या दुकानातून चौदा पानं छापून आणली आणि मुलाच्या स्केचपेननी रात्री बसून ओळी रंगवल्या. नेहमीचं व्याज निळं, दंडाचे आकार लाल, बाकीचे चार्जेस (तपासणी, रिन्युअल फी, चेक परत, विमा, एसएमएस) हिरवे. प्रत्येक रंगाची वर्षाची बेरीज वेगळी केली.

सीसीचं व्याज रोजच्या शिल्लक कर्जावर लागतं आणि महिन्याला एकदा खात्यात पडतं. पडताळणी सोपी आहे: कर्जाची रक्कम गुणिले दर, भागिले ३६५. दहा लाखांवर ११ टक्क्यांनी रोजचे साधारण ₹३०१ होतात. दोन लाख रुपये दहा दिवस आधी भरले तर ₹६०० वाचतात. हे एकदा हाताने करून बघा, मग भरण्याची तारीख तुम्ही आपोआप अलीकडे ओढाल.

दरही बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं व्यापारी बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडावी लागतात आणि तीन महिन्यांत किमान एकदा दर बदलावा लागतो. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचा दर खाली आला का? नसेल तर खातं कोणत्या दराशी जोडलंय हे लेखी विचारा. सहकारी बँकांना मात्र हा नियम नाही, तिथे दरासाठी बोलणी करावी लागतात.

## २. लिमिट वेगळी, डीपी वेगळी

आमचं कर्ज का फुगलं याचं उत्तर या पायरीत मिळालं, म्हणून इथे सावकाश वाचा.

मंजूर लिमिट आठ लाख असली तरी त्या महिन्यात किती उचलता येतील हे डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, ठरवते. बँक तुमच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ती काढते. मालाच्या किमतीतून माल देणाऱ्या कंपनीचं देणं वजा करते, त्यातून मार्जिन (बँक हिशेबात धरत नाही तो हिस्सा) कापते, मग उधारीतून मार्जिन कापून ती मिळवते. उधारी मात्र ठरावीक दिवसांच्या आतलीच धरतात. आमच्या मंजुरीपत्रात ९० दिवस होते आणि मार्जिन मालावर २५ टक्के, उधारीवर ४० टक्के.

जुलैचा हिशेब: माल सहा लाख, कंपनीचं देणं दीड लाख. उरले साडेचार लाख, मार्जिन कापून ₹३,३७,५००. उधारी आठ लाख, सगळी ताजी, मार्जिन कापून ₹४,८०,०००. एकूण ₹८,१७,५००. लिमिट आठ लाखांची, म्हणजे सगळी वापरता येते.

आता ऑक्टोबर. माल चार लाख, देणं एक लाख, मार्जिन कापून ₹२,२५,०००. उधारी तेवढीच, आठ लाख. पण त्यातली सहा लाख जूनमधल्या बियाण्याची आणि पहिल्या खताची, म्हणजे ९० दिवसांच्या बाहेर गेलेली. धरली फक्त दोन लाख, मार्जिन कापून ₹१,२०,०००. डीपी आली ₹३,४५,०००. खात्यावर कर्ज होतं ₹७,६०,०००. एक रुपयाही जास्त न उचलता खातं ₹४,१५,००० ने ओव्हर! आणि ओव्हर म्हणजे दंड.

आपल्याकडे गिऱ्हाईक मे-जूनमध्ये माल नेतं आणि "वहिनी, कापूस विकला का देतो" म्हणतं. तो खोटं बोलत नसतो. पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास, भावाची वाट बघत कापूस घरात, पैसा हातात यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. उधारी सहा-सात महिन्यांची आणि बँकेचं गणित तीन महिन्यांचं. दरवर्षी त्या मधल्या चार महिन्यांचा दंड आम्ही भरत होतो आणि त्याला नशीब म्हणत होतो.

उपाय दोन. रिन्युअलच्या वेळी उधारीची मुदत वाढवून मागा. मागच्या तीन वर्षांत उधारी कोणत्या महिन्यात वसूल झाली याचा तक्ता जोडा. तोंडी मागणीला "बघू" एवढंच उत्तर मिळतं. आम्हाला तक्त्यावर १५० दिवस मिळाले. दुसरा उपाय पाचव्या पायरीत आहे.

सापळा: डीपी सावरायला स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल फुगवून दाखवू नका. "सगळेच दाखवतात" असं सांगणारे भेटतील. तपासणीला अधिकारी गोदामात आला आणि पोती मोजली, तर त्यानंतर तुमच्या कुठल्याच कागदावर तो विश्वास ठेवणार नाही, आणि बँकेला खोटी माहिती दिल्याचा ठपका दंडाहून फार जड आहे.

## ३. चुकीचे चार्जेस लेखी परत मागा

लाल आणि हिरव्या ओळी घेऊन बसा. आधी या चार गोष्टी शोधा.

पहिली, दंडावर व्याज. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून दंडव्याज बंद केलं. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं आणि जुन्यांना जास्तीत जास्त ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. आता दंड फक्त "दंडात्मक आकार" म्हणून घेता येतो, व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हे सहकारी बँकांनाही लागू आहे. नेहमीच्या व्याजावर मात्र दर महिन्याला व्याज चढतंच, त्यावर वाद घालून उपयोग नाही.

दुसरी, दंडावर जीएसटी. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. कर्जाच्या अटी मोडल्याच्या दंडात्मक आकारावर लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तसं परिपत्रकही निघालं.

तिसरी, दोनदा विमा. आमची मालाची पॉलिसी चालू असताना बँकेने स्वतः दुसरी काढून हप्ता खात्याला टाकला होता. कारण साधं होतं: आमच्या पॉलिसीची प्रत शाखेत पोचलीच नव्हती.

चौथी, स्टॉक स्टेटमेंट वेळेत देऊनही लागलेला उशिराचा दंड. इथे पोच कामाला येते. नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका, शिक्का घ्या.

अर्ज एका पानाचा असावा. तारीख, रक्कम, हा चार्ज कोणत्या कलमाखाली लावला, आणि तो परत का मिळावा, एवढंच. आमच्या अर्जावर विम्याचे ₹६,१३६ आणि दंडाच्या तीन रकमा परत आल्या. पहिल्यांदा साहेब नाराज झाले, हेही सांगते. पण आवाज न चढवता कागद पुढे केला की समोरच्यालाही तो वर पाठवायला सोपा जातो.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर लोकपालाकडे जाऊ नका. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे द्यायची.

## ४. गल्ल्यावरचा क्यूआर बदला

आमच्या काउंटरवर चिकटवलेला क्यूआर ह्यांच्या बचत खात्याचा होता. मोबाइल घेतला तेव्हा कोणी तरी लावून दिलेला. रोजची विक्री तिकडे जमा होत होती आणि महिन्यातून एकदा सीसीत भरली जात होती. सरासरी सत्तर हजार रुपये बचत खात्यात पडून, आणि तेवढ्याच रकमेवर आम्ही सीसीत ११ टक्के भरत होतो. वर्षाचे ₹७,७००. तो कागद खरवडून काढला आणि सीसी खात्याचा क्यूआर लावला. सगळी आवक, चेक, रोख, यूपीआय, त्याच दिवशी सीसीत. खातं फिरतं दिसलं की रिन्युअललाही जोर येतो.

घरखर्चाला ठरलेली रक्कम महिन्यातून एकदाच काढा. लग्न, मोटरसायकल, बोअरवेल सीसीतून करू नका. व्यापाराचा पैसा फिरून परत येतो, बोअरमध्ये गेलेला सीसीत परत येत नाही.

## ५. अडकलेली रक्कम हप्त्यांत काढा

स्टेटमेंटमध्ये वर्षातला सगळ्यात कमी कर्जाचा दिवस शोधा. आमचा फेब्रुवारीत होता, सगळी वसुली आल्यानंतर. त्या दिवशीही कर्ज ₹५,२०,००० होतं. म्हणजे आठ लाखांतले पाच लाख वर्षभर कधी फिरलेच नव्हते. ते व्यापाराचं भांडवल राहिलं नव्हतं, जुनं कर्ज होऊन बसलं होतं.

बँकेला अर्ज द्या की ही रक्कम कार्यशील भांडवलाच्या मुदत कर्जात (ठरलेल्या हप्त्यांत फेडायच्या कर्जात) बदलावी आणि सीसी तेवढी कमी करावी. पाच लाखांचं ११ टक्क्यांनी ३६ महिन्यांचं कर्ज म्हणजे हप्ता साधारण ₹१६,३७०. तीन वर्षांत व्याज ₹८९,००० च्या आसपास, आणि कर्ज संपतं. तेच पाच लाख सीसीत ठेवले तर तीन वर्षांत व्याजाचेच ₹१,६५,००० जातात आणि मुद्दल जागचं हलत नाही.

शिवाय सीसी तीन लाखांवर आली. ऑक्टोबरची ₹३,४५,००० ची डीपी आठवा. आता खातं ओव्हर जायला जागाच राहिली नाही.

हे सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पुढच्या जूनमध्ये हातात पाच लाख कमी होते. माल कमी भरला, दोन जुनी गिऱ्हाइकं उधारी मिळाली नाही म्हणून दुसरीकडे गेली. तो एक हंगाम सोसावा लागतो.

अर्ज देताना दोन गोष्टी विचाराच. हप्ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोठे आणि पावसाळ्यात लहान करून मिळतील का? आणि हा बदल सिबिलकडे (कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था) "पुनर्रचना", म्हणजे अडचणीतल्या कर्जाच्या अटी बदलून दिल्या, म्हणून जाणार आहे का? खातं नियमित असताना मागितलं तर वाट सोपी असते, थकल्यावर मागितलं तर तो शेरा लागण्याची शक्यता जास्त.

सापळा: बँक शांत करायला सावकाराकडून उचलू नका. "तीन रुपये शेकडा" ऐकायला लहान वाटतं. ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. लाखाला ₹३६,०००, तिथे बँकेचे ₹११,०००. अगदीच नड असेल तर बँकेतलं सोनेतारण बरं, आणि तेही वसुली कोणत्या महिन्यात येणार ते लिहून काढल्यावरच.

## ६. उधारीची यादी आणि आखाजीची रेघ

वहीतली त्रेचाळीस नावं मी तीन गटांत लावली: पीक आल्यावर देणारे, थोडं थोडं देऊ शकणारे, आणि दोन वर्षांहून जुने. पहिल्यांकडे दसऱ्यानंतरच्या आठवड्यात गेलो. सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस दिलेल्यांचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यात येतो, त्यामुळे गाडी कधी गेली हे विचारून ठेवलं. एकरकमी देणाऱ्याला दोन टक्के सोडले. रावेर-यावलकडे केळीवाले गिऱ्हाईक असेल तर हे वेळापत्रक वेगळं, घड कापणीला आले की जायचं.

चारचौघांत दारात उभं राहून मागू नका. मागच्या वर्षी अतिवृष्टीत ज्याचा कापूस झडला, त्याच्याकडून महिन्याला हजार रुपये येऊ लागले तरी मी ती वसुलीच मानते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) साल संपतं आणि नवं ठरतं. आम्हीही तीच तारीख धरली. आखाजीपर्यंत मागचं निम्मं तरी मिटलं नाही तर नवी उधारी नाही, मग तो नात्यातला का असेना.

सापळा: वसुली आली की ती लगेच सीसीत. नवा माल बुक करायला कंपनीचा प्रतिनिधी नेमका त्याच आठवड्यात येतो आणि "आत्ता बुकिंग केलं तर स्कीम आहे" म्हणतो. स्कीमचा फायदा आणि तेवढ्या महिन्यांचं व्याज शेजारी शेजारी लिहा, मग ठरवा.

## ७. ९० दिवस कॅलेंडरवर लिहा

सीसी-ओडी खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, कसं जातं? कर्ज सलग ९० दिवस लिमिटच्या किंवा डीपीच्या वर राहिलं, किंवा ९० दिवस काहीच जमा झालं नाही, किंवा जमा झालेली रक्कम तेवढ्या काळातल्या व्याजालाही पुरली नाही, तर. त्याआधी बँक इशाऱ्याचा शेरा लावते: ३० दिवस ओलांडले की खातं एसएमए-१, ६० ओलांडले की एसएमए-२. शाखेतून येणारे फोन तेव्हाच सुरू होतात. तो फोन टाळू नका, बोलायची खरी वेळ तीच.

रिन्युअलची तारीखही लिहा. ती निघून १८० दिवस झाले तर व्याज भरूनही खातं एनपीए होऊ शकतं. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं होऊ देऊ नका.

एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) म्हणून नोंद असेल तर संकटातल्या उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ ची चौकट आहे, २५ कोटींपर्यंतच्या कर्जाला. खातं थकण्याआधी तुम्ही स्वतःहून अर्ज करू शकता. अर्जात तिचा नावाने उल्लेख करा.

## ८. खातं एनपीएत गेलंच असेल तर

घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. सरफेसी कायद्याखाली (२००२ चा, बँकेला कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणारा) आधी ६० दिवसांची नोटीस यावी लागते. तुम्ही लेखी हरकत दिली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही.

तडजोड करायची असेल तर राष्ट्रीय लोक अदालतीचा मार्ग चांगला. तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. बँकेची एकरकमी परतफेड, म्हणजे ओटीएस, घेतली तर सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि त्या बँकेकडून किमान १२ महिने नवं कर्ज मिळत नाही. पूर्ण भरण्याची थोडीही ऐपत असेल तर मुदत वाढवून घ्या आणि पूर्ण भरा, असं माझं मत. आणि जामीनदाराला स्वतः जाऊन सांगा. कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच आहे, त्याला ते बँकेच्या नोटिशीतून कळणं वाईट.

## ९. खातं बंद करताना

शून्य शिल्लक दिसली म्हणजे काम झालं असं नाही. आमच्या शेजारच्या दुकानदाराचं खातं शून्यावर आलं, अर्ज द्यायचा राहिला, आणि पुढच्या वर्षी रिन्युअल फी पडून त्याच्यावर पुन्हा कर्ज सुरू झालं. म्हणून बंद करण्याचा लेखी अर्ज द्या, उरलेले चेक परत करा आणि पोच घ्या. मग हे गोळा करा:

- कर्ज निरंक असल्याचा दाखला
- तारणाचे मूळ कागद, यादीशी ताडून
- नोंदणीकृत गहाणखत असेल तर दुय्यम निबंधकाकडे मुक्ततेचा दस्त
- सेरसाईवरचा (तारणांची केंद्रीय नोंदवही) बोजा कमी केल्याची नोंद
- सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा कमी करण्यासाठी बँकेचं पत्र

शेवटचं पत्र बहुतेक जण फाइलमध्ये ठेवून विसरतात. ते तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेत दिल्याशिवाय बोजा जात नाही. अर्ज दिल्यावर महिन्याभराने महाभूमी या सरकारी वेबसाइटवरून ₹१५ भरून डिजिटल सातबारा काढा आणि "इतर अधिकार" चा रकाना स्वतः वाचा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो दोन महिन्यांनी काढून खात्यापुढे "बंद" लिहिलंय ना बघा. आमचं मुदत कर्ज अजून चौदा हप्ते आहे. उताऱ्यावरचा तो रकाना मी दर दिवाळीला वाचते.